वाचता वाचता शब्द कसे वाढवायचे? किनारपट्टीवरच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारे बहुतेक तीन प्रकारचे: शाळकरी मुलांचे पालक, स्पर्धा परीक्षांना बसणारे आणि निवृत्तीनंतर निवांत वाचायला लागलेले. सोप्या प्रश्नांपासून अडनिड्यांपर्यंत असा क्रम लावला आहे. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोज किती नवे शब्द शिकावेत?

तीन, फार तर पाच. दहा-दहा उतरवले की महिन्याला तीनशे होतात, उजळणीचा डोंगर होतो आणि मग वहीच उघडली जात नाही. वाचन वीस मिनिटं आणि त्यानंतर शब्दांसाठी पाच मिनिटं, एवढं रोज जमलं तरी पुष्कळ. मोबाइलवर येणारे ‘आजचा शब्द’ छापाचे संदेश गंमत म्हणून ठीक आहेत. पण शब्द एकटा आला, आगापिछा नसला, तर दोन दिवसांत विसरतो.

२. हातातलं पुस्तक मला झेपेल का, हे आधीच कसं कळणार?

पहिलं पान सोडा, मधलं कुठलंही उघडा. साधारण दोनशे शब्दांचा मजकूर वाचा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने ठिपका द्या. चारपर्यंत ठिपके पडले तर पुस्तक खुशाल वाचा, नवे शब्द ओघात कळत जातील. पाच ते दहा पडले तर पुस्तक चांगलं आहे, पण वही जवळ घेऊन बसा. दहाच्या वर गेले तर काही महिन्यांसाठी कपाटात ठेवा.

यामागचं कारण सरळ आहे. अडलेल्या शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून लावायचा असतो. दर वीस शब्दांना एक अडायला लागला की आधाराला शेजारीच उरत नाही. लहान मुलांसाठी हाताची बोटं पुरतात: एका पानावर पाच बोटं मिटली की ते पुस्तक मुलाने एकट्याने न वाचता मोठ्यांबरोबर वाचावं.

३. शब्द अडला की लगेच शब्दकोश उघडायचा का?

नाही. आधी ओळ संपवा, मग परिच्छेद संपवा. हा नमुना पाहा:

‘आगोटीआधी जाळी धुऊन माळ्यावर चढली. मचवा वर ओढून झावळांनी शाकारला. आता नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याकडे पाठ.’

शहरात वाढलेल्या वाचकाला इथे तीन शब्द अडतील. ‘मचवा’ जाळ्याच्या आणि दर्याच्या संगतीत आला आहे, तो ‘वर ओढतात’. म्हणजे होडीचा काहीतरी प्रकार. पुढे जायला एवढं पुरे, इथे थांबू नका. ‘शाकारला’ हे क्रियापद आहे, ते झावळांनी केलं आहे आणि मोसम संपताना केलं आहे. म्हणजे पाऊस लागू नये म्हणून झाकलं. ‘आगोट’ला ‘आधी’ जोडलं आहे, म्हणजे ती एखादी वेळ असणार. तिसऱ्या वाक्यात नारळी पौर्णिमा येते, तेव्हा ‘आगोट म्हणजे पावसाळा’ असा अंदाज बांधता येतो.

आता कोश उघडा. पहिले दोन अंदाज बरोबर निघतात, तिसरा थोडा हुकतो: आगोट म्हणजे सगळा पावसाळा नव्हे, पावसाळ्याचं तोंड. हुकलेला अंदाज वाया जात नाही. ‘मला वाटलं होतं तसं नाही’ असं एकदा झालेला शब्द सहसा पुन्हा चकवत नाही.

तर क्रम असा: वाचा, ठिपका द्या, अंदाज बांधा, पान संपवा आणि मग फक्त दोन प्रकारचे शब्द कोशात पाहा. एक, ज्यांच्यावाचून गोष्ट अडते ते. दोन, दुसऱ्यांदा भेटलेले. बाकीचे खुशाल सोडा.

४. अंदाजाने वाचलं आणि अर्थ चुकीचाच धरला तर?

असं होतं, आणि ओळखीच्या शब्दांनी जास्त होतं. अनोळखी शब्दापाशी माणूस थबकतो, ओळखीच्या शब्दावरून घसरतो.

‘भांगाच्या भरतीला पाणी बांधापर्यंत येत नाही.’ इथे ना केसांतला भांग, ना शिवरात्रीची भांग. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत वर चढतं ते उधाण. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तो भांग. व्याकरणही इथे मदत करतं. पिण्याची भांग स्त्रीलिंगी, तिचं ‘भांगेची’ होतं. ‘भांगाची’ दिसलं की ती भांग नव्हे, एवढं नक्की.

‘सडा’चंही तेच. अंगणात शेणाचा सडा, पारिजातकाखाली फुलांचा सडा, आणि गावाच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडाचं उघडं पठार, तोही सडाच. ‘गुरं सड्यावर गेली’ या वाक्यात शेण शोधून उपयोग नाही.

खूण अशी: ओळखीचा अर्थ घालून वाक्य हास्यास्पद होत असेल, तर शब्दाला दुसरा अर्थ आहे असं समजा.

५. वहीत नेमकं काय लिहायचं?

नुसतं ‘शब्द = अर्थ’ नको. पान आडवं धरून चार रकाने आखा.

पहिल्यात शब्द आणि त्याचं लिंग: पुळण (ती), खाजण (ते), गडगा (तो). मराठीत लिंग चुकलं की पुढचं विशेषण आणि क्रियापद दोन्ही चुकतात. दुसऱ्यात जिथे शब्द भेटला ते वाक्य, जसंच्या तसं. तिसऱ्यात तुमच्या भाषेत अर्थ, पाच-सहा शब्दांत. कोशातला उतारा नको.

चौथा रकाना बहुतेकजण गाळतात, आणि खरं काम तोच करतो: शब्दाचे सोबती. ‘उधाण’ घ्या. उधाण येतं, ओसरतं, उधाणाची भरती, उत्साहाला उधाण. उधाण कोणी ‘करत’ नाही. अर्थ पाठ असूनही लिहिताना वाक्य खटकतं ते सोबती चुकल्यामुळे (हीच गोष्ट प्रश्न १०मध्ये वेगळ्या वाटेने येते).

६. उजळणी कशी आणि किती दिवसांनी?

पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या चिठ्ठ्या कापा. एका बाजूला शब्द गाळलेलं वाक्य, मागे शब्द. डब्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. शब्द आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. नाही आठवला तर ती कितव्याही कप्प्यातली असो, सरळ पहिल्यात. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७०च्या दशकात लोकप्रिय केली. अजून तिला तोड नाही आणि तिला चार्जिंगही लागत नाही.

फसतं ते दोन ठिकाणी. चिठ्ठी उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणायचं, ‘हो हो, माहीत आहे’ म्हणून उलटायची नाही. आणि गणपतीत आठ-दहा दिवस डबा उघडला जात नाही, हे धरूनच चाला. नंतर पहिला आठवडा नवे शब्द बंद. आधी पहिले दोन कप्पे रिकामे करा.

आपल्याकडच्या हवेबद्दलही सांगायला हवं. जुलैत पुठ्ठ्याच्या खोक्याला बुरशी येते आणि जेल पेनची शाई पसरते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या, घट्ट झाकणाचा, आणि पेन्सिलीने किंवा साध्या बॉलपेनने लिहा.

७. शब्द कोशात सापडतच नाही. कोश अपुरा आहे का?

बहुतेक वेळा कोश पुरेसा असतो, तुम्ही शब्दाचं बदललेलं रूप शोधत असता. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द मुरडतो. ‘देवळात’ कोशात नाही, ‘देऊळ’ आहे. पावसाला: पाऊस. विहिरीवर: विहीर. माशाचं: मासा. झऱ्यापाशी: झरा. कापसाची: कापूस.

सोडवायची रीत अशी. शेवटचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय काढा. उरलेल्यात ‘व’ दिसला तर त्या जागी ‘ऊ’ घालून पाहा. शेवटी ‘ऱ्या’, ‘श्या’, ‘शा’ असं काही उरलं तर मूळ शब्द आकारान्त असू शकतो. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करून पाहा. क्रियापद असेल तर ‘-णे’ लावा: शाकारलेल्या, शाकारणे. ‘गेला’चं मूळ ‘जाणे’ हे मात्र ठाऊकच असावं लागतं.

तरीही नाही सापडला? मग तो जोडशब्द असेल. ‘मिठागर’ म्हणजे मीठ अधिक आगर. आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ काही कोशांत शेवटी असतात, काहींत ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात. कोशाच्या सुरुवातीच्या सूचना वाचल्या की ते कळतं, पण त्या कोणी वाचत नाही. जुन्या लेखनपद्धतीची अडचण असेल तर प्रश्न १३ पाहा.

८. कोणता शब्दकोश वापरावा?

रोजच्या कामाला मराठी–मराठी खिशातला कोश पुरतो. वादळात वीज आणि नेटवर्क दोन्ही गेल्यावर तोच हाताशी असतो.

कोकणी मातीतल्या शब्दांसाठी मात्र दाते–कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ला पर्याय नाही. १९३२पासून निघालेला हा कोश सात विभागांचा, शिवाय पुरवणी. शब्दापुढे कंसात प्रांताची खूण असते: (राजा.) राजापुराकडचा, (कु.) कुडाळकडचा, (गो.) गोमंतकातला, (कों.) कोकणातला. आजीच्या तोंडचा शब्द असा छापलेला सापडला की मजा येते. पु., स्त्री., न. ही लिंगाची खूण, सं., फा. ही शब्द कुठून आला त्याची. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) यापेक्षाही जुना आहे. दोन्ही आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात.

छापील खंड पाहायचे तर मोठं वाचनालय गाठा. किनाऱ्यावर ती परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. संदर्भग्रंथ सहसा घरी देत नाहीत, तेव्हा अडलेल्या शब्दांची यादी करून एकदाच जा.

९. आमच्याकडे घरी मालवणी बोलतात. मुलाचं मराठी कच्चं राहील का?

नाही. दोन बोलींत वाढणाऱ्या मुलाकडे एकाच गोष्टीला दोन शब्द असतात. कमी पडते ती फक्त कोणता शब्द कुठे वापरायचा याची जाण. वहीत ‘घरचा शब्द’ असा पाचवा रकाना वाढवा: ओहोळ–व्हाळ, गप्पा–गजाली, मुलगी–चेडू, मुलगा–झील, थोडं–वायच. पुस्तकातला नवा शब्द घरच्या शब्दाला बांधला की लवकर टिकतो, कारण अर्थ आधीच माहीत असतो. नवं असतं ते फक्त नाव.

घरच्या काही शब्दांपुढे पुस्तकी शब्दाची जागा रिकामीच राहील. गडगा, मांगर (शेतातलं खोपटं), पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) यांना ‘प्रमाण’ पर्याय शोधू नका. गडगा म्हणजे ‘दगडी कुंपण’ हे समजावण्यापुरतं ठीक आहे. निबंधात गडगाच लिहावा. शिक्षकांनी लाल रेघ मारलीच तर कंसात अर्थ देऊन पुन्हा लिहावा.

मूल ‘माका’ म्हणालं की ‘मला म्हण’ असं दर वेळी टोकू नका. टोकलं की मूल बोलायचंच कमी होतं. त्यापेक्षा आजीला पान वाचून दाखवायला सांगा, आणि आजीने तेच मालवणीत परत सांगावं. देवापुढे गाऱ्हाणं (गावाच्या वतीने केलेली प्रार्थना) घालणारा गावचा जाणता माणूस ओळखीचा असेल तर त्याचंही ऐकवा. ‘बा देवा म्हाराजा’पासून सुरू होणाऱ्या त्या लांबलचक वाक्यांत जुने शब्द जिवंत आहेत.

१०. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करू का?

परीक्षेच्या एका गुणासाठी करा. शब्दसंपत्तीसाठी नको. पाणी, जल, नीर, उदक यादीत एका ओळीत बसतात, पण नळाला उदक येत नाही आणि खातं ‘जलसंपदा’ असतं, ‘पाणीसंपदा’ नसतं. एखाद्या गोष्टीवर आपण ‘पाणी सोडतो’, ‘नीर’ सोडत नाही. यादीतून शब्द घ्यायचाच तर तो एखाद्या वाक्यात भेटेपर्यंत चिठ्ठी करू नका.

११. उपसर्ग-प्रत्यय शिकून एकदम शब्द वाढतात म्हणतात. खरं का?

बऱ्यापैकी खरं. ‘हार’ घ्या: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. ‘कार’ घ्या: आकार, विकार, उपकार, अपकार, प्रतिकार. फारसीकडून आलेले बे-, गैर-, ना- हेही तसेच: बेदखल, गैरहजर, नापसंत. आठवड्याला एक उपसर्ग घ्या, आणि वाचताना तो लागलेले शब्द गोळा करा.

मात्र उपसर्ग दिशा दाखवतो, अर्थ देत नाही. ‘वि’ विफलमध्ये ‘शिवाय’ आहे, विख्यातमध्ये ‘विशेष’. ‘अमूल्य’ म्हणजे किंमत नसलेलं नव्हे, किंमत करता येणार नाही इतकं मोलाचं. म्हणून उपसर्गावरून अंदाज बांधा, आणि तो वाक्यात घालून तपासा (प्रश्न ३).

१२. सातबारा, फेरफार, नोटिसा वाचताना अर्धे शब्द कळत नाहीत. त्यांचं काय?

ही वेगळी भाषा आहे, पण छोटी. पन्नास-साठ शब्द आले की कागद बोलायला लागतो. जमिनीच्या प्रकारांपासून सुरुवात करा: जिरायत, बागायत, वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन, नाचणी-वरीची), पोटखराब (त्याच क्षेत्रातला लागवडीला निरुपयोगी तुकडा), गावठाण, बिनशेती. मग माणसं आणि हक्क: खातेदार, कब्जेदार, वारस, वहिवाट, इतर हक्क. ‘कूळ’ इथे घराणं नव्हे, दुसऱ्याची जमीन कसणारा.

जुन्या कागदांत एक खास चकवा आहे. ‘रामा बिन गोविंदा’ म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा. हा अरबीतला ‘बिन’, म्हणजे मुलगा. ‘बिनशेती’तला ‘बिन’ वेगळा, त्याचा अर्थ ‘शिवाय’. तसंच ‘सावित्री कोम गणपत’ म्हणजे गणपतची बायको सावित्री.

आपल्याच घरचा उतारा समोर ठेवून शिका, शब्द पटकन बसतात. पण व्यवहार करायचा असेल तेव्हा शब्दार्थावर जाऊ नका. कायद्यातला अर्थ जाणकाराकडूनच घ्या.

१३. आजोबांच्या पेटीतल्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘गांव’ असं का छापलंय? हे वेगळे शब्द आहेत का?

शब्द तेच, लेखन जुनं. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२मध्ये आले आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. वाचताना ते नजरेआड करा, एका ठिकाणी सोडून. जुन्या पुस्तकात ‘घरांत’ म्हणजे एका घरात. आजच्या पुस्तकात ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांमध्ये. पुस्तकाचं साल पाहिल्याशिवाय त्या टिंबाचा अर्थ लावू नका.

दाते–कर्वेंचा कोश याच जुन्या लेखनातला आहे. ‘शाकारणे’ मिळालं नाही तर ‘शाकारणें’ शोधा, ‘कोकण’ नाही तर ‘कोंकण’.

१४. मग वाचावं तरी काय?

एकाच विषयावरचं चार-पाच ठिकाणचं. एका विषयाचे शब्द त्या विषयात पुन्हा पुन्हा येतात आणि उजळणी आपसूक होते. एक महिना आंबा धरा: वर्तमानपत्रातला शेतीचा स्तंभ, कृषी विभागाचं पत्रक, एखादा दिवाळी अंकातला लेख, जुनं ललित. मोहोर, तुडतुडे, पाड लागणं, अढी, साका हे शब्द महिन्याभरात दहादा भेटतील. पुढचा महिना मासळीचा. विषय रोज बदलला तर रोज नवे शब्द भेटतात आणि जुना एकही परत येत नाही.

मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. गावातलं वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे अगदी छोटं असलं तरी तिथे दिवाळी अंकांचा गठ्ठा असतोच. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानांमागचा मजकूरही हलका समजू नका.

१५. मुलं हिंदी मालिका पाहतात. मराठी वाचताना तेच अर्थ लावतात. उपाय?

वेगळी चिठ्ठी करा, दोन्ही अर्थ लिहून. शिक्षा (मराठीत दंड, हिंदीत शिक्षण), चेष्टा (थट्टा, प्रयत्न), यातायात (दगदग, वाहतूक), संसार (घरप्रपंच, जग), राग (संताप, प्रेम, आसक्ती). असे शब्द फार नाहीत, एका सुट्टीत संपतात.

१६. वाचताना शब्द कळतो, बोलताना-लिहिताना आठवत नाही. कुठे चुकतंय?

कुठेच नाही. कळणारे शब्द वापरातल्या शब्दांपेक्षा नेहमीच जास्त असतात. हवे तेवढेच वापरात आणा: आठवड्याचे पंधरा-वीस शब्द असतील तर त्यांतले तीन निवडा. वाचलेला मजकूर पुस्तक मिटून पाच वाक्यांत कुणाला तरी सांगा, त्यात ते तीन आले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक घरच्या ग्रुपवरच्या साध्या निरोपात घाला. ‘अढीतले आंबे उद्या काढू’ एवढंही चालतं. निरोप वाचून कुणी हसलं तर शब्द चुकीच्या जागी पडला असेल. चौथा रकाना पुन्हा पाहा (प्रश्न ५).

१७. कोशात एक अर्थ आणि लोकांच्या लिहिण्यात दुसराच. कोणता धरायचा?

‘अपरोक्ष’ हे यातलं नेहमीचं उदाहरण. संस्कृतात परोक्ष म्हणजे नजरेआड, अपरोक्ष म्हणजे समक्ष. मराठीत मात्र ‘माझ्या अपरोक्ष’ असं लिहून बरेचजण ‘माझ्या पाठीमागे’ असंच सुचवतात. वाचताना लेखकाला काय म्हणायचंय ते वाक्यावरून ठरवा, तिथे कोश घेऊन भांडू नका. परीक्षेत कोशातला अर्थ लिहा. आणि स्वतः लिहिताना असा दुतोंडी शब्द टाळून ‘माझ्या माघारी’ म्हणा.